घरचं बियाणं, कंपनीचं बियाणं आणि आपला हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते आणि तेच प्रश्न दरवर्षी कानावर येतात. घरचं सोयाबीन पेरलं तर चालतं का? पाहुण्याला दोन पायल्या बी दिलं तर गुन्हा होतो का? कंपनी केस टाकेल का? यातल्या बहुतेक प्रश्नांना कायद्यात स्पष्ट उत्तर आहे, आणि ते शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. तरीही ते गावापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पान.

घरचं बियाणं राखून ठेवणं कायदेशीर आहे का?

हो, पूर्णपणे. 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१' या केंद्रीय कायद्याच्या कलम ३९ मध्ये हे लिहून ठेवलं आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं उत्पादन, त्यात बियाणंही आलं, राखून ठेवता येतं, वापरता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येतं, वाटता येतं आणि विकताही येतं. हा कायदा येण्याआधी जसं करता येत होतं, तसंच.

यातली महत्त्वाची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हा हक्क फक्त गावरान वाणांपुरता नाही. एखाद्या कंपनीने किंवा विद्यापीठाने कायद्याखाली नोंदवून संरक्षण घेतलेल्या वाणालाही तो लागू आहे. म्हणजे नोंदणीकृत वाणाचं बियाणं तुम्ही विकत आणलं, पेरलं, आलेल्या पिकातून पुढच्या वर्षासाठी पोतं बाजूला काढलं, तर त्यात बेकायदा काहीही नाही. जगात फार थोड्या देशांनी शेतकऱ्याला इतकं मोकळं ठेवलं आहे. अमेरिकेत इंडियानातल्या एका शेतकऱ्याने धान्य गोदामातून आणलेलं सोयाबीन पेरलं आणि त्यातलं बी पुढच्या हंगामांसाठी राखलं, तर पेटंटचा भंग झाला असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून हे कलम आहे. ते आयतं मिळालेलं नाही, त्यामागे शेतकरी संघटनांचा आणि कार्यकर्त्यांचा नव्वदच्या दशकातला सगळा झगडा आहे.

मग बियाणं विकता येतं? अट काय?

अट एकच : ब्रँड लावून विकायचं नाही. पिशवीत भरून, त्यावर संरक्षित वाणाचं नाव असलेलं लेबल चिकटवून विकलं, तर ते 'ब्रँडेड बियाणं' ठरतं आणि ते शेतकऱ्याला विकता येत नाही. उघडं बी शेजाऱ्याला, पाहुण्याला, आठवडी बाजारात ओळखीच्या माणसाला देता येतं. बियाण्याचा धंदा करायचा, दुकान काढायचं, तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. तो वेगळा विषय झाला. बचत गटांनी छापील पिशव्या करण्याआधी एवढा फरक समजून घ्यावा. स्वतःच्या गावरान वाणाला संरक्षित वाणाची ही अडचण येत नाही, पण विक्री नियमित व्हायला लागली की परवान्याचा प्रश्न येतोच.

गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर कंपनीने केस केली होती ना? मग हक्क कुठे गेला?

ही केस नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितलं जातं.

पेप्सिको कंपनी चिप्ससाठी 'एफएल २०२७' हा बटाटा वापरते. कंपनी करार केलेल्या शेतकऱ्यांना बेणं देते आणि माल परत घेते. २०१६ साली या वाणाची नोंदणी झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये बातम्या आल्या की उत्तर गुजरातमधल्या, करारात नसलेल्या काही शेतकऱ्यांनी हा बटाटा लावला म्हणून कंपनीने त्यांना अहमदाबादच्या कोर्टात खेचलं आहे. साबरकांठ्यातल्या चार लहान शेतकऱ्यांकडून तर प्रत्येकी एक कोटीच्या वर भरपाई मागितली होती. दोन-चार एकरांच्या माणसाकडून एक कोटी! देशभर संताप उसळला, शेतकरी संघटना एकत्र आल्या आणि मे महिन्यात कंपनीने खटले मागे घेतले.

पुढे शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांनी २००१ च्या कायद्याखाली वाणांची नोंदणी करणाऱ्या वाण प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि ३ डिसेंबर २०२१ रोजी प्राधिकरणाने या वाणाची नोंदणीच रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये एकल न्यायाधीशांनी रद्दीकरण कायम ठेवलं, पण जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने ते उलटवलं आणि कंपनीचा मार्ग मोकळा केला.

यावरून काही लोक सांगतात की शेतकरी हरले. ते बरोबर नाही. न्यायालयातला वाद मुख्यतः नोंदणीच्या अर्जातल्या त्रुटींचा होता : वाण 'नवीन' म्हणून दाखवलं की 'प्रचलित', पहिल्या विक्रीची तारीख काय दिली, कागदपत्रं पुरी होती का. शेतकऱ्याने बी राखायचं की नाही, हा प्रश्न त्या निकालाने शेतकऱ्याच्या विरुद्ध सोडवलेला नाही. कलम ३९ आजही जसंच्या तसं आहे. मला खरी चिंता वेगळी वाटते. हक्क कायद्यात असूनही कंपनीला कोर्टात जाता आलं, शेतकऱ्याला वकील शोधावा लागला, आणि कराराबाहेरच्या हजारोंना त्या बातमीने धडकी भरली. दहशत बसायला निकाल लागत नाही, नोटीस पुरते.

मला अशी नोटीस आली तर काय करू?

घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका, 'पुन्हा करणार नाही' असं लिहून देऊ नका, आणि कंपनीचा माणूस समजुतीचा करार पुढे करतो म्हणून त्यात अडकू नका. नोटीस कधी आली याची नोंद ठेवा, तालुका विधी सेवा समितीकडे जा (तिथे गरजूंना वकील मोफत मिळतो), आणि उत्तरात कलम ३९ चा उल्लेख करायला सांगा. याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की संरक्षण असल्याचं ज्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं, त्याचं कृत्य भंग ठरत नाही. करारशेतीत असाल तर मात्र करारातल्या अटी वेगळ्या लागू होतात, म्हणून सही करण्याआधी करार मराठीत मागा आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

बीटी कापसाचं पेटंट अजून आहे का? प्रत्येक पाकिटामागे कंपनीला पैसे जातात म्हणतात.

आता जात नाहीत, पण बरीच वर्षं जात होते.

बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जनुक मोन्सँटोचं, भागीदार आपल्या जालन्याची महिको. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे होतं आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि किंमत ७५० वर आणली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. केंद्राने डिसेंबर २०१५ च्या आदेशाने देशभर किमती ठरवायला घेतल्या : २०१६ च्या हंगामात बीजी-२ चं (बीटीची दोन जनुकं असलेल्या कापसाचं) पाकीट ८०० रुपये, त्यात जनुकाचं शुल्क ४९. ते पुढे ३९, मग २० झालं आणि २०२० मध्ये शून्य. पाकिटाची किंमत मात्र २०२४ मध्ये ८६४ रुपये होती.

आता पेटंट. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधलं 'जे' पोटकलम सांगतं की वनस्पती, त्यांचे भाग, बियाणं आणि वाण यांवर पेटंट मिळत नाही. मग मोन्सँटोला कसं मिळालं? तर प्रयोगशाळेत जोडलेल्या जनुकीय रचनेवर. बीजी-२ चं पेटंट २००८ मध्ये मंजूर झालं आणि २०१९ मध्ये संपलं. नुजिवीडू या बियाणे कंपनीशी चाललेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये ते पेटंट रद्द केलं, तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून पुरावे तपासण्यासाठी खटला पुन्हा खाली पाठवला. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. त्यामुळे बियाण्यात शिरलेल्या जनुकावरचं पेटंट बियाण्यावर किती चालतं, या प्रश्नाचं अंतिम उत्तर सर्वोच्च न्यायालयाकडून आपल्याला मिळालंच नाही. दोन कंपन्यांच्या भांडणात हा प्रश्न सुटायची वाट पाहणं ही आपली चूक होती असं माझं मत आहे.

पेटंट संपलं, कायदाही बाजूने आहे. मग कापसाची सरकी का ठेवता येत नाही?

ठेवता येते. ठेवून फारसा उपयोग होत नाही. सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

आपल्याकडचा जवळपास सगळा बीटी कापूस संकरित आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून पहिल्या पिढीचं बी विकतात. ती पिढी एकसारखी आणि जोमदार येते. तिच्या बोंडातली सरकी पेरली की पुढच्या पिढीत झाडं फाटतात : एक उंच, एक बुटकं, एक लवकर फुटणारं, एक उशिरा. बीटीचं जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणून एका जनुकाच्या बाबतीत दुसऱ्या पिढीतल्या साधारण चारांपैकी एका झाडात ते नसतंच. अळीसाठी ते झाड म्हणजे आयतं जेवण. संकरित झाडाच्या एकाच बोंडातही काही सरक्या अळीला विषारी आणि काही बिनविषारी असतात. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. तिला प्रतिकारशक्ती कमवायला यामुळे मदत झाली, असं कापूस शास्त्रज्ञांनी मांडलेलं आहे. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यात पिकाचं काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्राझील, चीन इथे कापूस प्रामुख्याने सरळ वाणांचा आहे, म्हणजे ज्याचं बी राखून पेरलं तरी पीक तसंच येतं. संकरित कापूस एवढ्या प्रमाणावर लावणारा मोठा देश म्हणजे भारतच. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस 'एच-४' सुरतेत १९७० मध्ये आला, आणि तो सरकारी संशोधन केंद्रातून आला. संकराने उत्पादन वाढलं, हे खरंच. पण त्याच संकरामुळे दर मृगाला पाकीट विकत घेणं कायमचं झालं. कंपनीला इथे ना पेटंट लागलं ना कोर्ट, कुलूप बियाण्यातच होतं.

बीटीचं जनुक सरळ वाणात घालून स्वस्त बियाणं देता आलं असतं का? सार्वजनिक संस्थांनी तसा प्रयत्न केला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेशी निगडित 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण बाजारात आलं, पण त्यात मोन्सँटोचं जनुक मिसळल्याचं निघालं आणि ते मागे घ्यावं लागलं. त्या एका फजितीने सरळ वाणांचा रस्ता कितीतरी वर्षं अडला. आज सरळ आणि देशी वाणांची दाट लागवड पुन्हा चर्चेत आहे. कोरडवाहू हलक्या जमिनीवर ज्याला प्रयोग करायचा आहे, त्याने अकोला किंवा नागपूरला जाऊन शास्त्रज्ञांना भेटावं.

चोरबीटी, म्हणजे तणनाशकाला दाद न देणारं एचटीबीटी, लावावं का?

लावू नका, असंच मी सांगेन. या कापसाला मान्यता नाही. त्याची विक्री पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली गुन्हा ठरते. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे उघडपणे ते पेरून सविनय कायदेभंग केला. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, ही त्यांची भूमिका. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मजुरी परवडत नाही, हे दुखणं खरं आहे, त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण चोरबीटीचं पाकीट कोण भरतं, त्यात नक्की काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. बिल नाही, म्हणून फसवणूक झाली तर दाद नाही. शेजारच्या तुरीवर, मुगावर तणनाशकाचा फवारा गेला तर ते जळतं. निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बायांचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. बियाण्याच्या स्वातंत्र्यासाठी भांडायचं तर ज्याचं मूळ ठाऊक आहे, जे आपल्याला राखता येतं, अशा बियाण्यासाठी भांडावं.

टर्मिनेटर म्हणजे वांझ बी खरंच बाजारात आहे?

नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये त्या तंत्राचं पेटंट निघालं, जगभर विरोध झाला आणि ते बाजारात आलं नाही. २००० मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी त्यावर स्थगिती घातली. आपल्या २००१ च्या कायद्यात तर वाण नोंदवताना असं तंत्र त्यात नसल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. 'कंपनीचं बी दुसऱ्यांदा उगवतच नाही' असं कुणी म्हणालं, तर समजा की गोष्ट संकरित बियाण्याची आहे. ते उगवतं, पण एकसारखं येत नाही.

कंपन्या वाईट आणि सरकारी बियाणं चांगलं, असं म्हणायचं का?

असं सरसकट म्हणता येत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली तेव्हा भेंडी, ज्वारी, बाजरीचं खात्रीचं बियाणं शेतकऱ्याला हवंच होतं. उलट २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या तक्रारींत सरकारी महाबीजचंही नाव होतं.

काळजी आहे ती मक्तेदारीची. २०१७-१८ च्या दोन वर्षांत डाऊ आणि ड्यूपाँट एक झाल्या (त्यांचा शेती विभाग आजची कॉर्टेव्हा), चीनच्या सरकारी कंपनीने सिंजेंटा घेतली, बायरने मोन्सँटो गिळली. बायर, कॉर्टेव्हा, सिंजेंटा, बीएएसएफ या चौघांकडे आज जगातल्या व्यापारी बियाण्याचा निम्म्याहून अधिक बाजार आहे, आणि हेच चौघं कीटकनाशक-तणनाशकही विकतात. कोणत्या पिकावर संशोधन व्हायचं हे तेच ठरवणार असतील, तर वरई-नाचणी, कुळीथ, कोरडवाहू जवस यांना कोण विचारणार? गोव्याच्या खाजन शेतात खारं पाणी सोसणारा कोरगूट भात कोणत्या कंपनीने काढला? तिथल्या शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो टिकवला.

आमच्या घराण्यात चालत आलेलं वाण आमच्या नावावर करता येईल का?

येईल, आणि फी लागत नाही. 'शेतकऱ्याचं वाण' म्हणून प्राधिकरणाकडे नोंदणी होते. अर्जावर गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांच्यापैकी कुणाची तरी शिफारस लागते. शेतपिकांना पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना पुरस्कारही आहेत.

हे का करावं, ते दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहून कळतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक माणूस. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या आणि त्यातून बारीक, चवदार तांदूळ तयार केला. तेव्हा घराघरात नावाजलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं. आज हा तांदूळ कितीतरी राज्यांत खातात. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्याचं शुद्धीकरण करून १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केलं. आपलं श्रेय डावललं गेलं, ही सल दादाजींनी जाहीरपणे सांगितली होती. त्यांना सन्मान पुष्कळ मिळाले, गरिबी शेवटपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. तांदूळ विकणाऱ्यांनी त्यांच्या वाणावर जी कमाई केली, तिच्यातला पैसाही त्यांच्या घरात आला नाही.

त्यांच्या धडपडीच्या काळात हा कायदाच नव्हता. आता आहे. अर्ज करा, किमान गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तरी वाण लिहून घ्या.

कोणत्या पिकांचं बी सहज ठेवता येतं?

सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, गहू, भात, भुईमूग, जवस, नाचणी. ही बहुतेक स्वपरागीभवनाची आहेत, म्हणजे शेजारच्या वाणाशी सहसा भेसळ होत नाही. तूर, करडई, ज्वारी थोडी जपून, कारण भेसळ होते. बाजरी, मका आणि वेलवर्गीय भाज्या यांना शेजारच्या दुसऱ्या वाणापासून लांब अंतर हवं. मक्याचं, कापसाचं, टोमॅटोचं संकरित पाकीट असेल तर पुढच्या पेऱ्याची आशा धरू नका. पिशवीवर 'संकरित' की 'सुधारित' (म्हणजे सरळ वाण) हे आधी वाचा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा आणि रानभाज्यांची बियाणं अशीच गोळा करत बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्या घेवड्याची निवड त्या ज्या बारकाईने सांगतात, ती ऐकून कृषी पदवीधरांनीही वही काढावी.

घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची?

गोणपाट ओलं करून पसरा. ढिगातून सरसकट, चांगलं-वाईट न निवडता शंभर दाणे घ्या आणि दहा-दहाच्या ओळीत मांडा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो पुरतं. साठ आले तर पस्तीस किलो घ्या. त्याहून फार कमी आलं तर ते बी म्हणून वापरू नका, बाजारात विका.

सोयाबीनचं साल पातळ असतं, म्हणून खरी काळजी मळणीपासून घ्यावी लागते. यंत्राचे फेरे मिनिटाला चारशे ते पाचशेच ठेवा. पोतं उंचावरून आपटू नका, जमिनीवर थेट ठेवू नका, थप्पी उंच लावू नका. प्लास्टिकच्या पोत्यापेक्षा तागाचं बरं. पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक लावा आणि मग रायझोबियम हे जिवाणू खत. आणि पहिल्या सरीला भुलू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरा. प्रमाणित बियाण्यापासून आलेलं सोयाबीन असं दोन वर्षं सहज चालतं. कृषी विभागही हेच सांगतो, तरी दुकानदार सांगत नाही.

विकतचं बियाणं उगवलं नाही तर?

पक्कं बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, सत्यप्रत (गुणवत्तेची ग्वाही विक्रेत्या कंपनीनेच दिलेल्या) बियाण्याचा हिरवा. लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्या. भरपाई मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मधुसूदन रेड्डी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, नमुना कसा राखणार, हेही न्यायालयाने तिथे मान्य केलं.

हा हक्क पुढे कमी होऊ शकतो का?

हो, आणि त्याची दोन ठिकाणं आहेत.

पहिलं ठिकाण व्यापार करार. 'युपोव्ह' नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था पैदासकारांच्या, म्हणजे नवी वाणं काढणाऱ्यांच्या, हक्कांसाठी आहे. तिच्या १९९१ च्या करारात शेतकऱ्याने संरक्षित वाणाचं बी दुसऱ्याला देणं-विकणं जवळजवळ बंद होतं, आणि स्वतःसाठी राखणंही प्रत्येक देशाच्या मर्जीवर राहतं. भारत तिचा सदस्य नाही. श्रीमंत देशांशी वाटाघाटी होतात तेव्हा आपण तिकडे सरकावं असा आग्रह धरला जातो. आपल्या खासदाराला हा शब्द माहीत आहे का, एकदा विचारून पाहा.

दुसरं ठिकाण नवा बियाणे कायदा. १९६६ चा कायदा बदलण्याचे प्रयत्न २००४ पासून चालू आहेत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा हरकतींसाठी मांडला. बोगस बियाण्यावर जबर दंड हवाच. मसुद्यात शेतकऱ्याचा राखण्या-वाटण्याचा हक्क लिहिलेला आहे, तरी बियाणं फसलं तर भरपाई कुणी, किती दिवसांत आणि कोणत्या कचेरीतून द्यायची, हे कलमात नेमकं लिहून घ्यायला हवं. किमतीवर सरकारचा हात कायमचा राहणार की फक्त आणीबाणीत, हेही. ग्रामसभेने याच दोन मुद्द्यांवर ठराव करून कृषिमंत्रालयाला पाठवावा, त्याची एक प्रत आमदाराला आणि एक खासदाराला द्यावी.